डोकरीची भिंतीकडची बाजू

मोठेबाबांच्या ट्रकला आमच्या घरात कुणी ट्रक म्हणत नसे. ती डोकरी होती. ‘डोकरी आज रुसली’, ‘डोकरीले पाणी पाजलं काय’, ‘डोकरी अजून बाजारातून आली नाई’ असंच सगळे बोलायचे, आणि नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं, ह्या घरात कुणी म्हातारी आहे आणि हे लोक तिला फारच हिंडवतात. फौजेच्या लिलावातून निघून चार-पाच मालकांच्या हातून ती मोठेबाबांकडे आली होती. लांब नाक, फुगीर डोळ्यांसारखे दोन दिवे, लाकडी फळ्यांचा हौदा, आणि सुरू करायचं तर समोर उभं राहून हँडल मारायचं. थंडीच्या सकाळी ती खोकायला लागली की शेजारीपाजारी उठून चहाच ठेवत, कारण आता अर्धा तास झोप लागायची नाही हे त्यांना ठाऊक असे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्यासारख्या विदर्भातून रायपुरात आलेल्या घरांत थोरल्या काकाला मोठेबाबा आणि त्यांच्या बायकोला मोठीआई म्हणतात. हे नुसतं हाक मारण्यापुरतं नव्हतं. मला खरंच दोन बाप आणि दोन आया होत्या, आणि एकीनं जेवायला घातलं तरी दुसरीकडं पुन्हा जेवायला लागायचं. हे एवढं पाठ करून ठेवा. मी रागीट माणूस आहे, आता तर म्हातारपणाचा राग त्यात मिसळला आहे, आणि पुढं मी जरा तिखट बोललो तर वाचणाऱ्याला वाटेल की काका-पुतण्याचं भांडण कुठल्या घरात नसतं. पण मी काकाबद्दल बोलत नाही, बापाबद्दल बोलतो आहे. दोन्ही बापांबद्दल.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. बाबा रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोटांना कायम शाईचा निळा डाग. मोठेबाबांचं घर तेलीबांध्याच्या तलावापलीकडं होतं. आज तिथं संध्याकाळी रंगीत दिवे लागतात, पोरंपोरी सेल्फी काढतात, आणि मी शंकर नगरातून सकाळी चालायला जातो तेव्हा एका मोबाइलच्या दुकानासमोर माझे पाय आपोआप मंद होतात. ते दुकान मोठेबाबांच्या अंगणाच्या जागेवरच उभं आहे. त्या काळी तिकडं म्हणजे गावाबाहेर. म्हशी, बेशरमाची झुडपं, आणि धूळ. अंगण मोठं होतं. एका बाजूला मातीची उंच भिंत, आणि डोकरी त्या भिंतीला खेटून उभी असायची, इतकी खेटून की तिच्या डाव्या चाकांच्या आणि भिंतीच्या मधून मांजरसुद्धा अंग चोरून जायचं. ट्रकच्या डाव्या बाजूला खलासी, म्हणजे ड्रायव्हरचा मदतनीस, बसतो, म्हणून तिला खलासी साइड म्हणतात. उजवी ड्रायव्हर साइड. डोकरीची ड्रायव्हर साइड अंगणाकडं होती आणि खलासी साइड भिंतीकडं. मोठीआईला वाळवणं घालायला जागा मोकळी राहावी म्हणून ती तशी उभी करतात, असं मला सांगण्यात आलं होतं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि कॉलेजात माझा जीव लागत नव्हता. गाड्यांचा नाद कुठून लागला सांगता येणार नाही. क्वार्टराच्या मागं इंजिनांचं शंटिंग चालायचं, त्या आवाजावरून मी कुठलं इंजिन आहे ते ओळखायचो, एवढं आठवतं. त्या वर्षी मी बाबांना सांगितलं की मला मोठेबाबांकडं काम शिकायचं आहे. मला वाटलं होतं, ओरडतील. ते पेपरात बघतच म्हणाले, “जाय. दादाले विचारून घे.” मोठेबाबा नाही म्हणणार नव्हतेच, सख्ख्या भावाच्या पोराला नाही कसं म्हणतील? मग दर रविवारी आणि सुट्टीच्या प्रत्येक दिवशी मी सायकल मारत तेलीबांध्याला जायला लागलो. सोबत दिगू असायचा. दिगू म्हणजे मोठेबाबांचा मुलगा, माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, आठवीत दोनदा बसून शाळेला रामराम ठोकलेला. तो बापाबरोबर डोकरीवर रेती-चुन्याच्या फेऱ्या मारायचा, धमतरी, महासमुंद, कुठं कुठं जाऊन यायचा. मला कॉलेजमुळं रस्त्यावर जायला मिळत नसे. मी अंगणातला शिष्य, तो रस्त्यावरचा.

मोठेबाबा शिकवायला फार चांगले होते. हे लिहिताना हात अडखळतो, पण खोटं कशाला लिहू? कार्बोरेटर उघडून ते प्रत्येक भाग धुतलेल्या धोतराच्या फडक्यावर ओळीनं मांडायचे आणि मला डोळे मिटून एकेक ओळखायला लावायचे. चाक काढताना आधी जॅक लावायचा नाही, गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, एक वरचा की मग त्याच्या समोरचा खालचा. पान्याच्या दांड्याला, म्हणजे टॉमीला, झटका द्यायचा तो मनगटानं नाही, तळहाताच्या टाचेनं ठोसा मारून. आणि निघालेला नट कधीच जमिनीवर ठेवायचा नाही. डोक्यावरची टोपी उलटी करायची आणि नट तिच्यात टाकायचे. “मातीत ठेवला नट म्हंजे मातीत गेला नट,” असं ते म्हणायचे. मी टोपी घालत नव्हतो, तर त्यांनी आपली एक जुनी टोपी मला दिली. ती तेलानं इतकी काळी झाली होती की आई ती घरात आणू देत नसे, बाहेर तारेवर लटकवायला लावायची.

दुपारी मोठीआई जेवायला हाक मारायची. रविवारी बहुधा गोळाभात असे. बेसनाचे तिखट गोळे भातात वाफवलेले, वरून मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी, आणि बाजूला अंबाडीची आंबट भाजी. ती माझ्या ताटात नेहमी दिगूपेक्षा एक गोळा जास्त टाकायची. दिगू कुरकुरला की म्हणायची, “त्याले अभ्यास बी करा लागते, तुले काय करा लागते?” आम्ही काळ्या हातांनीच जेवायला बसायचो, घासलेट लावून धुतले तरी तेलाचा वास जात नसे. तो वास आणि फोडणीचा वास मिळून जो एक वास होतो, तो मला आजही कुठं आला की भूक लागते आणि लगेच मळमळतं.

एकदा, अशाच एका जेवणानंतर, मी विचारलं. हे विचारणं मला फार नीट आठवतं. मोठेबाबा ओट्यावर बसून तळहातावर तंबाखू मळत होते. मी म्हटलं, “मोठेबाबा, मी नुसती इकडचीच चाकं खोलतो. एक दिवस गाडी पुढं घेऊ ना, भिंतीकडची बी खोलून पाहतो.”

ते म्हणाले, “काहून? तिकडं काय निराळं हाय?”

“निराळं नाही ना काही?”

“हव बाप्पा, तिकडं बी तसंच.” तंबाखूवरून त्यांनी नजर उचलली नाही. चुना झटकला, चिमूट ओठात ठेवली आणि म्हणाले, “आन् दुसऱ्याच्या गाडीले हात लावत नोको जाऊ शिकेपर्यंत. हात बिघडते.”

दिगू तिथंच होता, दाराशी, पाणी पीत. त्यानं लोटा खाली ठेवला आणि आत निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपात जागा निघाली. एकच. मेकॅनिकचा हेल्पर, पण कायम नोकरी, पुढं मेकॅनिक होता येईल अशी. त्या वर्कशॉपात डोकरीच्याच जातीची एक जुनी गाडी होती, तिची बहीणच म्हणा. मोठेबाबा कधीकधी तिथून सुटे भाग मागून आणायचे, फोरमनशी त्यांची ओळख होती. मला ती जागा हवी होती. किती हवी होती हे आता सांगून पटणार नाही. नोकरीसाठी नाही, मला ठाऊक होतं, बाबा मला कुठं ना कुठं कारकुनीत चिकटवतीलच. मला तेच काम हवं होतं, गाडीच्या पोटाखाली पाठ टेकून झोपायचं, आणि आपण हात लावल्यावर बंद पडलेली गाडी बोलायला लागते ते ऐकायचं. फॉर्म मी भरला आणि दिगूनंही भरला. मोठेबाबा म्हणाले, “दोघं बी जा. ज्याचं नशीब असन त्याले भेटन.” संध्याकाळी मी गॅलरीत पाना पुसत बसलो होतो तेव्हा बाबा येऊन उभे राहिले. दोनदा घसा साफ केला. मग म्हणाले, “जेवून घे, भात थंडा होऊन राहिला.”

परीक्षेच्या सकाळी मी आधी तेलीबांध्याला गेलो, दिगूला घ्यायला. मोठीआईनं दोघांच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मी पाया पडलो तर तिनं माझ्या डोक्यावरचा हात लवकर उचलला नाही. मला बरं वाटलं. दिगू सायकलच्या डांडीवर बसला आणि अर्ध्या रस्त्यात एकदम म्हणाला, “शरद, तुनं फारम भरलाच कायले? तुले तं कॉलेज होतं.”

“भेव वाटून राहिलं काय रे तुले?” मी हसून म्हटलं.

“घरी जाय ना वापस. पोट दुखते म्हन. मेरे को अकेला जाने दे.” तो हिंदीत घुसला की मला कळायचं की त्याला काहीतरी टोचतं आहे. पण मी समजलो, पोट्टा घाबरला आहे. मी आणखी जोरात पायडल मारलं.

वर्कशॉपच्या आवारात आम्ही नऊ-दहा जण होतो. फोरमन म्हणजे जाड भिंगांचा चष्मा लावलेला, पांढऱ्या मिशीचा, कमी बोलणारा माणूस. बाकीच्यांना शेडमागं थांबवून एकेकाला बोलावत होते. माझं नाव पुकारलं. त्यानं त्या जुन्या गाडीकडं बोट केलं आणि म्हणाला, “खलासी साइड का अगला चक्का उतारो.” एवढंच. माझ्या मनात लाडू फुटले. हे तर मी झोपेत केलं असतं. मी टोपी काढून बाजूला उलटी ठेवली, पाना वरच्या नटाला बसवला, टॉमी घातली आणि तळहाताच्या टाचेनं ठोसा मारला, ज्या दिशेला वर्षभर मारत आलो त्या दिशेला. नट हलला नाही. गंजला असेल. पुन्हा मारला. मग टॉमीला लोंबकळलो. मग टॉमीवर उभा राहिलो आणि दोनदा उडी मारली. ‘कट्’ असा आवाज झाला आणि मी पाठीवर पडलो. नट सुटला नव्हता, तो ज्या बोल्टवर बसतो तो स्टडच तुटून आला होता. बाजूला उभे असलेले कामगार हसले. मी कपाळाचा घाम पुसला, म्हटलं एखादा कुजका असतो, आणि समोरच्या नटाला पाना लावला. तोही तसाच तुटला.

“बस,” फोरमन म्हणाला. “छोड़ दो.”

तो रागावला नव्हता. तो खाली बसला, तिसऱ्या स्टडच्या टोकावरची माती त्यानं अंगठ्यानं पुसली आणि मला जवळ बोलावलं. “फारम में लिखा है, बी.ए. पढ़ रहे हो. पढ़ो, क्या लिखा है?” लोखंडावर एक इंग्रजी अक्षर ठोकलेलं होतं. एल. मला काही कळलं नाही. मग त्यानं पाना घेतला, उलट्या दिशेला, म्हणजे आपण एरवी नट घट्ट करतो त्या दिशेला फिरवला, आणि नट लोण्यातून निघावा तसा निघाला. “उल्टी चूड़ी है बेटा. पुरानी गाड़ियों में इस साइड के आटे उल्टे ही होते हैं, ताकि चक्का चलते-चलते नट को ढीला न करे. किसी ने सिखाया नहीं?” मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाला, हे तर पहिल्या आठवड्यात शिकवतात, म्हणूनच ह्या वर्कशॉपात पिढ्यान्पिढ्या परीक्षा खलासी साइडलाच घेतात, कोण खरा शिकलेला आणि कोण सांगोवांगीचा ते चुटकीसरशी कळतं.

माझ्यानंतर चौथा दिगू होता. मी फाटकाजवळ उभा राहून पाहिलं. तो खाली बसला, पाना लावला, आणि क्षणभरही न थांबता उलटीकडं ठोसा मारला. पाच मिनिटांत चाक जमिनीवर. त्यानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. नोकरी त्याला लागली, आणि लागायलाच हवी होती. काम त्यानं चोख केलं. फोरमनच्या बाजूनं काहीच चुकलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण राग काढायला तेवढी एक जागा असती तरी मला चाललं असतं.

मी तिथून सरळ तेलीबांध्याला गेलो. मोठेबाबा घरी होते. अंगणात शिरलो आणि पहिल्यांदा मला एक गोष्ट दिसली, जी वर्षभर डोळ्यांसमोर होती. अंगणाच्या मधोमध तेलाचा जुना, काळा, पसरलेला डाग होता. इंजिन वर्षानुवर्षं एका जागी ठिबकतं तेव्हा पडतो तसा. भिंतीजवळ डोकरीच्या पोटाखाली डाग होता तो लहान, ताजा. म्हणजे ती कायम भिंतीला खेटून उभी राहत नव्हती. मी शिकायला आलो तेव्हापासून उभी राहायला लागली होती.

“मोठेबाबा, तुम्ही म्हटलं होतं तिकडं बी तसंच.”

“म्या?” ते म्हणाले. “मले नाई आठवत बाप्पा. आरे, हे तं पोट्ट्यापोट्ट्याले मालूम असते. मले वाटलं तुले मालूमच असन.” मोठीआईनं आतून ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. रविवार नव्हता तरी गोळाभात केला होता. ती पदरानं ताटाची कड पुसत राहिली. मी न जेवता उठलो. जाताना त्यांची टोपी ओट्यावर ठेवली.

घरी बाबा ऑफिसातून आले होते. मी सगळं सांगितलं. रडलोसुद्धा, एकोणीस वर्षांचा घोडा. बाबा ऐकत होते, बोटाच्या शाईचा डाग दुसऱ्या बोटानं घासत. मी म्हटलं, “बाबा, मोठेबाबांनी मुद्दाम केलं.” ते म्हणाले, “असं नाई म्हणा लागत मोठ्याइले.” मग म्हणाले, “मले काय समजते त्यातलं? मी ऑफिसातला मानूस.” मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला. एक बाप गेला, पण एक आहे, असं मी तेव्हा मनाशी म्हटल्याचं मला आठवतं. ह्या वाक्याची मला आता इतकी लाज वाटते की ते लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

दिगूला नोकरी लागली म्हणून त्याचं लग्न जमलं. मुलीकडचे सरकारी नोकरीवाल्यालाच मुलगी देणार होते आणि बोलणी आधीपासून अडून बसली होती, हे मला तेव्हा कळलं. लग्नाला न जाण्याचा माझा विचार होता. आईनं हात जोडले, म्हणाली, चार लोकांत शोभा नको. वरात महासमुंदच्या रस्त्यानं जाणार होती. नवरदेव आणि मोठेबाबा टॅक्सीत पुढं गेले. मागून डोकरी, आणि तिच्या हौद्यात बायका, गाद्या, पातेली, वाजंत्रीवाले, मी आणि बाबा. चालवायला मोठेबाबांच्या ओळखीचा एक ड्रायव्हर होता. उन्हं चढली होती, बायका गाणी म्हणत होत्या, आणि आरंगच्या अलीकडं फाट् असा आवाज झाला. खलासी साइडचं पुढचं चाक बसलं.

मुहूर्ताला दीड तास होता. ड्रायव्हर चाकांना टेकण लावायला दगड शोधत शेताकडं पळाला. बायकांनी गाणं थांबवून किती वाजले ते विचारायला सुरुवात केली. मी मुद्दाम दूर उभा राहिलो. मला त्या चाकाकडं पाहायचंच नव्हतं. बाबा दोन-तीनदा रस्त्याकडं पाहत येरझाऱ्या घालून आले. मग त्यांनी नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, लग्नासाठी घातलेली पांढरी टोपी काढली, उलटी केली आणि चाकाशेजारी ठेवली. पाना उचलला. वरच्या नटाला बसवला. आणि तळहाताच्या टाचेनं टॉमीला ठोसा मारला. उलटीकडं.

नट सुटला. तो त्यांनी टोपीत टाकला. मग समोरचा खालचा. तो टोपीत. मग तिसरा. ते पाहतसुद्धा नव्हते, नजर रस्त्यावर होती आणि हात आपलं काम करून राहिले होते. माझ्या बापाचे शाईचे हात. ते मोठेबाबांच्या हातांसारखे चालत होते, हुबेहूब, आणि ती पद्धत मोठेबाबांनी शिकवलेल्यांनाच येत होती आणि त्यांतला एक मी होतो. फक्त त्यांना भिंतीकडची बाजूसुद्धा येत होती.

चौथ्या नटाशी त्यांना माझी चाहूल लागली. हात थांबला.

“बाबा, तुमाले कसं मालूम?”

“टाइम होऊन राहिला, शरद. मुहूर्त चुकंल.”

“तुमाले कसं मालूम?”

ते खाली बसूनच राहिले. बायका वरून पाहत होत्या म्हणून हळू बोलले. “मी तीन वर्सं ह्याच गाडीवर खलासी होतो. तुह्या जन्माच्या आंगोदर. दादानं मले उतरवलं, म्हने तू शिक, मी गाडी चालवतो. दोघाइच्या वाटची त्यानं एकट्यानं चालवली. म्हनून मी खुर्चीवर बसलो.” टोपीतला एक नट त्यांनी उचलला आणि पुन्हा ठेवला. “तू शिकाले येतो म्हटलं तवा दादानं मले विचारलं होतं. म्हने, एकच जागा निंगते कधी निंगली तं, दिग्याजोळ दुसरं काईच नाई. काय करू, तू सांग. मी म्हटलं, तुमाले पटन तसं करा.”

“म्हंजे तुमाले पैल्या दिवसापासून मालूम होतं.”

त्यांनी पाना चौथ्या नटावर पुन्हा बसवला.

“मंग मले सांगायचं होतं, बाबा. दिगूसाठी सोड म्हटलं असतं तं मी सोडलं असतं. फारमच भरला नसता.”

बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. दोघा भावांनी वर्षभर एवढी मसलत केली, गाडी हलवली, भिंतीला खेटवली, बायकोला, पोराला गप्प बसवलं, पण मला एकदा विचारून पाहावं हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी मोठ्या मनाचा असू शकतो असं माझ्या दोन बापांपैकी एकालाही वाटलं नव्हतं. नोकरी गेली त्याचं दुःख मी पुढं विसरलोही असतो. हे मात्र जागेवरच गोठलं.

मी त्यांच्या हातून पाना घेतला आणि उरलेले नट सैल केले. उलटीकडं. ड्रायव्हर दगड घेऊन आला, जॅक लागला, स्टेपनी बसली, आम्ही मुहूर्ताला पोचलो. दिगूनं मला मिठी मारली तेव्हा तो रडत होता आणि लोकांना वाटलं, केवढं हे भावाभावांचं प्रेम. मी जेवलोसुद्धा. त्यानंतर मी कुठल्याही गाडीला हात लावला नाही. बाबांनी मला एका ऑफिसात चिकटवलं आणि मी तिथून फायली उचलता उचलता निवृत्त झालो. डोकरी पुढं उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगारात गेली, तिथल्या एखाद्या भट्टीत वितळून तिच्या सळ्या झाल्या असतील. मोठेबाबा गेले, मोठीआई गेली. दिगू चांगला मेकॅनिक झाला, म्हणतात. आम्ही लग्नकार्यात भेटतो, तब्येतीबद्दल बोलतो.

बाबा शेवटचे तीन महिने माझ्याकडं, शंकर नगरात होते. एका दुपारी मी त्यांची नखं कापत होतो. खिडकीतून ऊन येत होतं. ते बराच वेळ माझ्या हातांकडं पाहत होते आणि मग म्हणाले, “शरद, मनात काई ठेवलं तं नाई ना?” कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढी वर्षं ह्या प्रश्नाचं उत्तर मी तयार करून ठेवलं होतं, वाक्यन्‌वाक्य, रस्त्यानं चालता चालता म्हणून पाहिलेलं. त्यांचा अंगठा माझ्या बोटांत होता, कागदासारखा हलका.

“नाई बाबा,” मी म्हटलं. “काईच नाई.” नखावरून मी नजर उचलली नाही. मोठेबाबांनीही त्या दुपारी तंबाखूवरून उचलली नव्हती. बाबांनी हव म्हणून मान हलवली, डोळे मिटले आणि हात माझ्या हातात सैल सोडून दिला. त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास बसला होता.